भाषण पोराचं, कागद बापाचा

शाळा सुरू होऊन महिना झाला की मला ठरावीक फोन येतात. यंदाचा पहिला आमच्याच गल्लीतून आला. "दादा, पोरगं शाळेत मुख्यमंत्रिपदाला उभं राहिलंय. जिंकेल असं एक कडक भाषण लिहून द्या. दोन पानांचं करा, मी पाठ करून घेतो."

मी नाही म्हणालो. त्यांना राग आला. रोज लिहिणाऱ्या माणसाला दोन पानं खरडायला काय जातंय, असं त्यांना वाटलं असणार. खरं तर काहीच जात नव्हतं. पण माझं भाषण घेऊन ते पोरगं उभं राहिलं असतं तर पडलं असतं. आणि जिंकलं असतं तर त्याहून वाईट झालं असतं. दुसऱ्याने लिहिलेलं बोललं की मतं मिळतात, हे त्याला तेराव्या वर्षीच कळलं असतं.

जिल्हा परिषदेच्या शाळांतली निवडणूक ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा जाऊन पाहावी. कुठे तिला शालेय मंत्रिमंडळ म्हणतात, कुठे बालसंसद. मुख्यमंत्री असतो, आणि त्याच्यासोबत स्वच्छता मंत्री, पाणी मंत्री, क्रीडा मंत्री, पोषण आहार मंत्री असतात. परिपाठाचाही मंत्री असतो. अर्ज भरले जातात, छाननी होते, माघार घ्यायला मुदत असते. छत्री, पेन्सिल, फळा, कंदील अशी चिन्हं वाटली जातात. आपल्या शिक्षकांनी विधानसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत इतक्या ड्युट्या केल्यात की मतदान केंद्र कसं मांडायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. यादीवर टिकमार्क, बोटाला शाई, पुठ्ठ्याचा आडोसा. आता तर दोन मोबाइल जोडून मतदान यंत्र करतात. बटण दाबलं की बीप वाजतो आणि पहिलीतलं पोरगं दचकून बाईंकडे बघतं. शहरातल्या इंग्रजी शाळांत हेडबॉय, हेडगर्ल आणि चार रंगांच्या हाउसचे कॅप्टन निवडतात. तिथे थाट जास्त, गोष्ट तीच.

या सगळ्या मांडणीत अर्ज शाळेचा, शाई शाळेची, चिन्ह शाळेचं. एकच वस्तू उमेदवाराची स्वतःची असते, ती म्हणजे त्याचं दोन मिनिटांचं भाषण. आणि नेमकी तीच आपण मोठी माणसं त्याच्या हातातून काढून घेतो.

काढून घेऊन करतो काय? "सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो." पुढे, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकावेत ही नम्र विनंती. हे वाक्य म्हणणाऱ्या पोराला विचारा, शांतचित्त म्हणजे काय. मग शिवाजी महाराज, मग स्वामी विवेकानंद, मग एकविसाव्या शतकातली महासत्ता, आणि शेवटी मूठ आवळून जय हिंद, जय महाराष्ट्र. महाराजांबद्दल कुणाला आदर नाही? पण समोर बसलेल्या पाचवीच्या पोराला मधल्या सुट्टीत प्यायला पाणी मिळत नाही. महाराजांचं नाव घेणाऱ्याने आधी ते पाणी पाहिलं पाहिजे. वक्तृत्व स्पर्धा वेगळी आणि मत मागणं वेगळं. स्पर्धेत परीक्षक गुण देतात. इथे गुण देणारा खाली मांडी घालून बसलेला असतो आणि त्याला रोज त्याच शाळेत यायचं असतं.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मला मतदानाच्या दिवशी पाहुणा म्हणून बोलावलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते पुष्कळ शाळांत आहे, एकाच शाळेच्या माथी मारणं बरोबर नाही.

पटांगणात लिंबाखाली सगळी पोरं ओळीत बसली होती. मुख्यमंत्रिपदाला चौघं. पहिला मुलगा आला तो इस्त्रीच्या कपड्यात. आवाज खणखणीत. 'मित्रांनो' आलं की उजवा हात वर, 'राष्ट्र' आलं की दोन्ही. एका वाक्यापाशी तो अडकला. मागे गेला, पुन्हा पहिल्यापासून धावत आला आणि त्याच वाक्यापाशी पुन्हा अडकला. असं तीनदा झालं. गेटजवळ मोटारसायकलवर बसलेले त्याचे वडील ओठ हलवत होते. पुढच्या ओळीतली पोरं काडीने मातीत रेघोट्या मारत होती. तिसऱ्यांदा अडकल्यावर त्याने वडिलांकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. त्याला पुढचं वाक्य आठवत नव्हतं, कारण ते त्याचं नव्हतंच. स्वतःचं बोलणं माणूस असं विसरत नाही. एक वाक्य निसटलं तर दुसऱ्या वाक्याने तेच सांगतो.

तिसऱ्या नंबरला एक मुलगी आली. सातवीतली. कागद नव्हता. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने कुणाला वंदन केलं नाही की कुणाला सन्माननीय म्हटलं नाही. एकदम विचारलं, "आपल्या मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी आहे का?"

मुलींच्या ओळीतून आवाज आला, "नाही."

"मग आपण काय करतो?"

"मैत्रीण उभी करतो."

"आणि मैत्रीण आली नसली तर?"

कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, "तर घरी जाईपर्यंत थांबतो. मी तर शाळेत पाणीच पीत नाही."

पटांगणात एवढी शांतता झाली की रस्त्यावरच्या एसटीचा गिअर बदललेला ऐकू आला. ती पुढे म्हणाली, "मी सरांना कडी लावायला सांगणार. एका आठवड्यात नाही लागली तर दुसऱ्या आठवड्यात परत सांगणार. तरी नाही लागली तर परिपाठाला उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार. आणि पोरांनो, टाकीच्या दोन तोट्या बंद आहेत, म्हणून तुम्ही ढकलाढकली करता आणि चौथीच्या पोरांचा नंबर येत नाही. त्या तोट्यांचंपण सांगणार. माझं चिन्ह छत्री. मला मत द्या." आणि जाऊन बसली. टाळी वाजायला जरा वेळ लागला. बाई डोळे पुसत होत्या. मुख्याध्यापक खाली बघत होते.

ती मोठ्या फरकाने निवडून आली. मुलांनीही तिला मतं दिली, कारण तोट्या मुलांच्याही होत्या. कडी दुसऱ्या आठवड्यात बसली. परिपाठाला उभं राहायची वेळ आली नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुला-मुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहं हवीत असं लिहिलेलं आहे, पिण्याचं पाणी हवं असंही लिहिलेलं आहे. कायदा दारापर्यंत येतो. कडीपर्यंत जायला रोज ते दार आतून ओढून धरणारं कुणीतरी लागतं. तिच्या बापाने, काकाने किंवा माझ्यासारख्या लिहिणाऱ्याने ते भाषण लिहिलं असतं तर त्यात स्त्रीशक्ती आली असती, जिजाऊ आणि सावित्रीबाई आल्या असत्या, आणि कडी राहून गेली असती. सावित्रीबाईंच्या कामाला ती कडीच जास्त जवळची आहे.

प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायची ही रीत त्या मुलीला कुणी शिकवली नव्हती. पण ती आपल्या मातीतली आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात ते समोरच्यांना विचारायचे, समोरचे उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरातून बाबांचा पुढचा प्रश्न निघायचा. शाळेत न गेलेला तो माणूस हजारोंना जागेवर खिळवायचा. कारण जो रस्ता तो बोलण्यात आणायचा, तो त्याने सकाळीच झाडलेला असायचा. आधी खराटा, मग तोंड. शाळेच्या निवडणुकीला याहून मोठा गुरू मला तरी माहीत नाही.

स्वतः सोसलेलं तेवढंच बोलण्याचं दुसरं उदाहरण चंद्रपूरचं आहे. ऑगस्ट 2016 मध्ये तिथे बारा वर्षांच्या दोन शाळकरी मुलांनी पत्रकार परिषद घेतली. विषय होता दप्तराचं ओझं. रोज आठ विषय, त्यांची किमान सोळा पुस्तकं, दप्तराचं वजन पाच ते सात किलो, आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. एवढंच सांगितलं. फरक पडला नाही तर उपोषण करू, असंही सांगितलं. बातमी परदेशी माध्यमांपर्यंत गेली. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असा निर्णय सरकारने त्याच्या आदल्याच वर्षी, 2015 मध्ये काढला होता. पस्तीस किलोच्या पोराला साडेतीन किलो. त्या दोघांनी सरकारला शिव्या घातल्या नाहीत, मुलांच्या हक्कांवर व्याख्यानही दिलं नाही. किती पुस्तकं, किती किलो, कितवा मजला, हे सांगितलं. तिसरा मजला म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या पाठीला रग लागते. हेच भाषण.

तर उभ्या राहणाऱ्या पोरा-पोरींनो, आता थेट तुमच्याशीच बोलतो.

लिहायला बसायच्या आधी एक दिवस नुसतं शाळेत फिरा. जिथे तुम्ही एरवी जात नाही तिथे जा. पहिली-दुसरीच्या वर्गात जाऊन खाली बसा आणि विचारा, तुम्हाला शाळेत काय आवडत नाही? त्यांना कधीच कुणी विचारत नाही. आणि मोजणीच्या वेळी त्यांचं मत तुमच्या जिवलग मित्राच्या मताएवढंच भरतं. मिळालेल्या उत्तरांतून एक गोष्ट निवडा. फार तर दोन. दहा गोष्टी सांगाल तर त्यातली एकही कुणाला आठवणार नाही.

जे तुमच्या हातात आहे तेच कबूल करा. गृहपाठ बंद करीन, शनिवारी सुट्टी देईन, सहल गोव्याला नेईन, असलं बोलू नका. पोरं हसतील, टाळ्या देतील आणि मत दुसऱ्याला देतील. पोरांना खोटं लगेच कळतं. पोषण आहार मंत्री व्हायचंय? मग हे आधी माहीत असू द्या, की पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम धान्य, हे वरून ठरून येतं. खिचडीत काय असावं हे तुम्ही बदलू शकत नाही. पण लहानांना आधी वाढायचं, ताटं धुवायला दोन रांगा करायच्या, सांडलेली खिचडी मोठ्या वर्गाने आळीपाळीने उचलायची, हे तुम्ही सोमवारपासून करू शकता. जो उमेदवार 'सोमवारपासून' म्हणतो त्याच्याकडे पोरं मान वळवून बघतात.

घरात बोलता तसंच बोला. तुमच्या घरी अहिराणी असेल, वऱ्हाडी असेल, मालवणी असेल, तर तिचा वास भाषणाला येऊ द्या. 'याठिकाणी', 'त्याठिकाणी', 'मी आपणास आश्वासित करू इच्छितो' हे शब्द ज्या माणसांकडून तुम्ही उचललेत, त्यांचं भाषण तुम्ही स्वतः कधी पूर्ण ऐकलंय का?

भाषण दोन मिनिटांत संपवा. घड्याळ लावून आरशासमोर नाही, धाकट्या भावंडासमोर म्हणून बघा. त्याने जांभई दिली की तेवढं वाक्य कापा. हात थरथरणार. सगळ्यांचे थरथरतात, मोठ्यांचेही. कागद घ्यायचाच असेल तर वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून घ्या. कागद थरथरतो, पुठ्ठा थरथरत नाही. माइक शिट्टी मारायला लागला तर तो बाजूला ठेवा आणि शेवटच्या ओळीतल्या पोराकडे बघून बोला, तेवढ्याने आवाज आपोआप चढतो. दुसऱ्या उमेदवाराबद्दल वाकडं बोलू नका. निकालानंतरही त्याच बाकावर शेजारी बसायचंय.

आणि शेवटी मत मागा. सरळ मागा. निम्मे उमेदवार हेच विसरतात. सगळं बोलतात, घोषणा देतात आणि निघून जातात. तुमचं नाव, तुमचं चिन्ह, मला मत द्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

पालकांनो, तुमच्याशी जरा कडक बोलतो. वर्गात वाटायला चॉकलेटं देऊ नका. ती चॉकलेटं नाहीत, ती पहिली पाकिटं आहेत. शाळेच्या गेटवर पोराचा फ्लेक्स लावू नका. कॉलेजांतल्या निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या. त्यांत उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा आहे आणि छापील पोस्टर चालत नाही, हाताने केलेलंच चालतं. वीस वर्षांच्या पोरांना जे चालत नाही ते तुम्ही बारा वर्षांच्या पोराला कोणत्या तोंडाने देता? आणि मोबाइलला सांगून भाषण काढून देऊ नका. एआय तुमच्या पोराच्या शाळेतल्या टाकीला किती तोट्या आहेत ते सांगू शकत नाही. तिघांच्या बापांनी आपापल्या मोबाइलवर एकच प्रश्न टाकला की तिघांच्या भाषणात सारखीच वाक्यं येतात आणि तिघंही मान खाली घालून उतरतात. तुम्हाला मदतच करायची असेल तर संध्याकाळी अर्धा तास बसा आणि पोराचं ऐका. मध्ये बोलू नका.

मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती की निवडणूक झाल्यावर मंत्र्यांना काम द्या. पुष्कळ शाळांत शपथविधीचा फोटो निघतो, छातीवर बिल्ला लागतो आणि वर्षभर तो मंत्री फक्त 'सावधान-विश्राम' म्हणतो. ज्या पोराने तोट्यांबद्दल बोलून मतं घेतली, त्याला आठवड्यातून पंधरा मिनिटं तुमच्या खोलीत बसवून तोट्यांचं काय झालं ते सांगा. पैसे नाहीत म्हणून झालं नसेल तर तसं सांगा. 'पैसे नाहीत' हे उत्तर घेऊन तो आपल्या मतदारांसमोर उभा राहील. त्यातून त्याला जे समजेल ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही.

हे मी एवढ्या पोटतिडकीने लिहितोय याला कारण आहे. या राज्यात पोरांना मत मागायला दुसरी जागाच उरलेली नाही. कॉलेजांतल्या निवडणुका हाणामाऱ्यांमुळे, अगदी खुनापर्यंत गोष्ट गेल्यामुळे थांबल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवर नेमायला सुरुवात झाली. 2016 च्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या. 2019 मध्ये त्या घ्यायचं ठरलं आणि मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे सातवीत बोटाला शाई लावून घेतलेली पोरगी पुढे बारावी करते, पदवी घेते, अठराव्या वर्षी आमदार-खासदाराला मत देते, पण स्वतः उभं राहून बोलायला तिला एकविसाव्या वर्षापर्यंत, ग्रामपंचायतीपर्यंत थांबावं लागतं. आठ-नऊ वर्षं गप्प बसल्यावर कुणाला कडी आठवते?

परवा गल्लीतला तो मुलगा स्वतःच आला. बाप पाठवत नव्हता, हा न सांगता आला होता. वहीच्या पाठच्या पानावर त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. सायकली लावायच्या जागेवर पत्रा नाही, उन्हात सीट तापते, पावसात चेन गंजते, आणि लांबून येणाऱ्या पोरांच्याच सायकली जास्त असतात. पत्र्याला पैसे लागतील म्हणून पत्र्याचं त्याने कबूल केलं नव्हतं. शाळेमागच्या चिंचेखालची जागा साफ करून सायकली तिकडे हलवू, एवढंच लिहिलं होतं. जागा साफ करायला त्याने सहा जणांना आधीच तयार केलं होतं.

"अजून काय टाकू?" त्याने विचारलं.

"चिन्ह सांगायला विसरू नकोस," मी म्हणालो. बाकी एक अक्षर बदललं नाही.

शनिवारी मतदान आहे. त्याचं चिन्ह कंदील.